बेडोकचा टेम्प्लर

पुराव्याला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण पुरावाच ज्याला टरकून असतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरात निघाला. माझे मोठे दीर. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की थोरल्याशी इतिहासावर बोलू नकोस, बाकी माणूस लाखात एक आहे. मी मनात म्हटलं, पुण्यातलं घर आहे, पानिपतावरून भांडत असतील, चालायचंच. पानिपत परवडलं असतं हो. भाऊजींचा जीव अडकला होता तो सातशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये पकडल्या गेलेल्या टेम्प्लर सरदारांमध्ये, आणि अजूनही तो तिथून सुटलेला नाही.

टेम्प्लर म्हणजे कोण हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. मीही तशी सुखी होते. आता मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन: पांढरा झगा, छातीवर लाल क्रूस, जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंचं रक्षण करायची एक शपथ, स्वतःजवळ कवडीही न ठेवायची दुसरी शपथ, आणि एवढं असून अर्ध्या युरोपातल्या राजेरजवाड्यांचं सोनंनाणं ह्यांच्याच तळघरांत. मग एका शुक्रवारी, तेरा तारखेला, भल्या पहाटे फ्रान्सच्या राजाने सगळ्यांना एकदम उचललं. पण तळघर उघडून बघतात तो खजिना नाही, म्हणे, आणि बंदरातली जहाजंही गायब. 'म्हणे' हा शब्द माझा. भाऊजींसमोर तो वापरायची सोय नाही, ते लगेच चष्मा काढून पुसायला घेतात आणि मग तास जातो.

हे वेड लागलं ते असं. भाऊजी पुण्याहून इथे सिंगापूरला आले (मागोमाग आम्हीही आलोच) ते सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. कंपनीने त्यांना एकदा पॅरिसला पाठवलं. बरोबरची मंडळी मनोऱ्यावर चढली, फोटो काढले, बायकांसाठी अत्तरं घेतली. भाऊजी रस्ता चुकले आणि नदीतल्या एका बेटाच्या टोकाला जाऊन बसले. तिथे एक पाटी होती, की टेम्प्लरांच्या शेवटच्या महागुरूला ह्या जागी जाळलं. भाऊजी त्या पाटीपाशी इतका वेळ बसले की परतीची बस चुकली. आमच्या जाऊबाई आजही म्हणतात, अत्तर विसरले ते विसरले, वर पाहुणा घेऊन आले, आणि तो जायचं नाव काढत नाही.

आता ज्याने जन्मभर चुका शोधल्या त्याला गप्प कसं करणार? भाऊजींचं एक ठरलेलं वाक्य आहे. चूक सापडली नाही म्हणजे चूक नाहीच, असं म्हणणारा टेस्टर घरी बसतो. हाच न्याय ते खजिन्याला लावतात. खजिना सापडला नाही, म्हणजे तो नाहीच असं थोडंच आहे? आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, स्वभावाने सरळ. त्यांनी एकदा जेवताना सांगून पाहिलं की दादा, त्या काळात आफ्रिकेला वळसा घालून इकडे यायचा समुद्रमार्ग युरोपात कुणालाच माहीत नव्हता. भाऊजींनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, माहीत नव्हता असं कुणी लिहून ठेवलंय का? ह्यांनी वरण ओरपायला सुरुवात केली. त्यानंतर आमच्या घरात आफ्रिकेचा विषय निघालेला नाही.

भाऊजींच्या मते ती जहाजं आधी कोकणात आली. का, तर गोड पाण्यासाठी. आणि कोकणात कुठे, तर आमच्याच सासरच्या गावी. पुरावा म्हणजे गावच्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर असलेली लाल फुली. मी स्वतः सरपंचबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, पाणी पिण्याजोगं नाही म्हणून आरोग्य खात्याच्या माणसाने रंगवून ठेवली आहे. मी हे मोठ्या तोऱ्यात येऊन सांगितलं. भाऊजी म्हणाले, "असेल. पण फुलीच का? आणि लालच का? त्या माणसाला ही खूण कुणी शिकवली, हे विचारलंस?" नव्हतं विचारलं. कोण विचारेल हो असलं?

तिथून जहाजं सिंगापूरला. इथे मात्र भाऊजींचं पारडं जरासं जड होतं आणि आमचा नाइलाज. सिंगापूर नदीच्या मुखाशी पूर्वी एक अजस्र शिळा होती, तिच्यावर कुणालाही न वाचता येणारा लेख होता, आणि इंग्रजांनी नदीचं तोंड रुंद करायला ती सुरुंग लावून उडवली. तिचा एक तुकडा म्युझियममध्ये आहे. त्यावरची अक्षरं आजतागायत कुणाला लागलेली नाहीत. भाऊजी दर महिन्याला त्या तुकड्यासमोर जाऊन उभे राहतात. तिथला रखवालदार त्यांना ओळखतो, स्वतःची खुर्ची देतो. कुणी जावा बेटावरची जुनी भाषा म्हणतात, कुणी तमिळ म्हणतात, भाऊजी म्हणतात, "म्हणू देत. वाचलं आहे का कुणी? मग?" मला फार राग येतो तो ह्या 'मग'चाच.

बरं, नुसतं मानून स्वस्थ बसतील तर ते भाऊजी कसले. टेम्प्लरांच्या मोहरेवर एका घोड्यावर दोन सरदार बसलेले आहेत, गरिबीची खूण म्हणून. झालं. तेव्हापासून भाऊजी कुठलीच गोष्ट एकट्याने वापरत नाहीत. छत्री एक, माणसं दोन, दोघेही अर्धे भिजलेले. त्यांच्या घराजवळ, बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहाचा एक कप आणि बशी, कपातला भाऊजींना, बशीतला समोरच्याला, मग समोरचा कुणीही असो. चहावाली चिनी बाई पूर्वी दुसरा कप पुढे करायची, आता न विचारता बशी देते. जाऊबाईंचं म्हणणं असं की हा पुणेरी चिक्कूपणाच आहे, त्याला नुसता युरोपचा शिक्का मिळाला. मी बँकेत नोकरी करते म्हणून मला तर त्यांनी टेम्प्लरांच्या खात्यातच घातलंय. एका गावी पैसे भरायचे आणि दुसऱ्या गावी चिठ्ठी दाखवून घ्यायचे, ही युक्ती त्या लोकांनी चालवली, हे खरं आहे, मी वाचून पाहिलंय. त्यामुळे पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना ते सांगतात, ही आमच्या सरदारांची पेढी सांभाळते. आणि तेरा तारखेला शुक्रवार आला की भाऊजींचा उपवास. कुठल्या पोथीत सांगितलाय विचारू नका. पकडल्या गेलेल्यांसाठी, म्हणतात. ख्रिस्ती सरदारांच्या स्मरणार्थ साबुदाण्याची खिचडी खाणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल.

अशा माणसाच्या हाती इथल्या मराठी मंडळाने मुलांचा मराठीचा वर्ग दिला, आणि आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं.

दिला म्हणजे काय, दुसरं कुणी घेईना. रविवारी सकाळी कोण उठणार? भाऊजी नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, मी घेतो. त्यांच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेक म्हणतात तिथे, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, बुद्धिबळाची दगडी टेबलं आणि भोवती दगडी स्टुलं आहेत. इथली पद्धत अशी की जागा धरायची असेल तर तिच्यावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, मग कुणाची टाप नाही तिथे बसायची. भाऊजी सकाळी जाऊन प्रत्येक स्टुलावर एकेक पाकीट ठेवायचे. मुलं यायची, पाकीट उचलून भाऊजींना द्यायची, बसायची. हीच त्यांची हजेरी.

ह्या मुलांचं मराठी म्हणजे काय विचारता? आमचीच लेक घ्या. मी मराठीत बोलावं आणि तिने 'कॅन लाह', म्हणजे इथल्या इंग्रजीत 'हो गं, चालेल', म्हणून खोलीत निघून जावं. बाराखडीच्या तक्त्याने तिचं काही झालं नाही, बक्षिसांनी झालं नाही. भाऊजींनी तक्ता भिंतीकडे वळवून ठेवला आणि गोष्ट सांगायला घेतली. सरदारांची. आणि ऐन रंगात आली की थांबायचे. पुढे काय झालं हे हवं असेल तर मराठीत विचारायचं. इंग्रजीत विचारलं की भाऊजी कानावर हात ठेवून बहिऱ्यासारखे बसून राहायचे. पहिल्या रविवारी मुलं वैतागली. मग एकजण म्हणाला, "मग घोडा मेला?" भाऊजी म्हणाले, "नाही, वाचला. पण कसा?" एवढ्यावर ती पोरं पेटली. दिवाळीच्या आसपास आमच्या लेकीने मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आई, शपथ मोडली तर काय होतं?" अख्खं वाक्य. मराठीत. मी गॅस बंद केला आणि मुकाट्याने रडून घेतलं. आता मला सांगा, कुणाचे का सरदार असेनात.

पण लोकांना पाहवत नाही. सेरंगूनला राहणाऱ्या एका आईने मंडळाकडे तक्रार केली की मुलगा तेरा तारखेच्या शुक्रवारी शाळेत डबा खाईना आणि घरी येऊन साबुदाणा मागत होता. मंडळाचे सचिव क्लेमेंटीला राहतात, कुठल्याशा कंपनीचे हिशेब सांभाळतात, वयाने माझ्याएवढे, सगळं वेळेवर आणि सगळं रीतसर. माणूस वाईट नाही हो, पण कपडेसुद्धा इस्त्री करून वाळत घालत असावा. त्यांनी भाऊजींना प्रेमाने सुचवलं की काका, जरा अभ्यासक्रमावर या. भाऊजींनी प्रेमाने मान डोलावली आणि आले ते किल्ल्यावर आले.

मंडळाची दिवाळीत किल्ले करायची स्पर्धा असते. इथे अंगण कुठलं, पण टाउन कौन्सिलची परवानगी काढून मुलं आपापल्या ब्लॉकखाली मोठ्या फळीवर किल्ला करतात, रोपवाटिकेतून मातीच्या पिशव्या आणतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात. दरवर्षी कुणी रायगड, कुणी प्रतापगड. भाऊजींच्या वर्गाने केला टेम्प्लरांचा किल्ला. समुद्रकाठचा, दुहेरी तटाचा, भोवती खंदक. खंदकात भाऊजींनी खरं पाणी भरलं. सिंगापुरात. जिथे फुलदाणीच्या खालच्या बशीत पाणी साचलं तर डासांची तपासणी करणारे दंड करतात, तिथे हा गृहस्थ मातीत खंदक खणून पाणी भरतो. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन एक तरुण चिनी अधिकारी आला, खंदकात डोकावला आणि अंकल, हे काय आहे, म्हणून विचारू लागला. भाऊजींनी त्याला जेरुसलेमपासून सांगितलं. त्या मुलाला टेम्प्लर माहीत होते, कुठल्याशा कॉम्प्युटर गेममधून. दोघांचं असं जमलं की बोलून सोय नाही. जाताना त्याने दंड केला नाही, पण स्वतः उभं राहून खंदक मात्र कोरडा करवून घेतला. मग जाऊबाईंनी निळा जिलेटिनचा कागद आणून आत अंथरला, आणि म्हणाल्या, आमच्या लहानपणी असंच करायचो, पण माझं ऐकतंय कोण.

खरा घोटाळा झाला तो चित्रांचा. किल्ल्यावर ठेवायला मातीची चित्रं हवीत, आणि टेम्प्लरांची चित्रं कुठल्या दुकानात मिळणार? घरात होते पुण्याहून आणलेले मावळे. मुलांनी त्यांनाच पांढरा रंग फासला, आणि छातीवर माझ्या नेलपॉलिशने लाल क्रूस काढले. बाटली मीच दिली, आणि परत मागेन तर शपथ. अंगरखे पांढरे झाले, पण पगड्या तशाच, मिशा तशाच, एकाच्या तर हातात तुतारी. मला विचाराल तर युरोपात नसतील इतके देखणे सरदार होते ते.

रविवारी दुपारी परीक्षक आले, बरोबर सचिव. सकाळच्या वर्गात भाऊजींनी शेवटच्या महागुरूची गोष्ट काढली होती. छळाला भिऊन त्याने कबूल केलं की आम्ही सगळे खोटे, पाखंडी. आणि तिथे गोष्ट थांबवली होती, पुढचं पुढच्या रविवारी. मुलं त्याच धुंदीत किल्ल्याभोवती उभी. सचिव वाकून पाहायला लागले आणि त्यांचा चेहराच उतरला. महाराज कुठे आहेत, त्यांनी विचारलं. आणि हे मावळे ना? मावळ्यांच्या छातीवर हे काय काढलंत?

तेवढ्यात आमची लेक पुढे झाली आणि म्हणाली, "काका, हे मावळेच आहेत. वेष बदलून शत्रूच्या किल्ल्यात शिरलेत. आता दार उघडणार." परीक्षक हसायला लागले. सचिवांच्याही कपाळावरची आठी गेली. ते म्हणाले, वा, तशी पाटी लावून टाका म्हणजे प्रश्न मिटला. मिटला होता हो! एक पाटी लावायची होती. पण भाऊजींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कल्पना फार छान आहे. पण आपण तसं केलेलं नाही. हे टेम्प्लरच आहेत. आणि महाराजांचं म्हणाल, तर दुसऱ्याच्या गडावर ते पाहुणे म्हणून का बसतील? ते आले तर जिंकून येतील."

मला त्या वेळी भाऊजींच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटला आणि पायाही पडावंसं वाटलं.

संध्याकाळी भाऊजींना सचिवांचा फोन आला. साबुदाणा, मावळे, सगळं निघालं. मुलांना सिद्ध न झालेल्या गोष्टी शिकवता येणार नाहीत. काकांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहावं की ते सगळं खोटं होतं आणि पुन्हा होणार नाही. नाहीतर वर्ग दुसऱ्याकडे जाईल. मी म्हटलं, द्या सोडून, कुणाची भीती आहे? भाऊजींच्या आठवड्यात रविवार सोडला तर दुसरं काही उरलेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर संदेश आला. मी वर्गात टेम्प्लरांविषयी सांगितलं ते खोटं होतं, पुन्हा असं होणार नाही, दिलगीर आहे. खाली अंगठे आणि नमस्कार पडत राहिले. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर बाल्कनीत बसले होते. चहा आला तर त्यांनी अख्खा कप स्वतः प्यायला, बशी कुणाला दिली नाही. मला बाई भयंकर वाईट वाटलं.

शनिवारी सेरंगूनच्या एका सभागृहात बक्षीस समारंभ होता. सकाळीच भाऊजी आमच्या दारात, लेकीला विचारायला, की ग्रुपवरचा संदेश सगळ्यांच्या फोनवरून पुसून कसा टाकायचा. लेकीने बघितलं आणि सांगितलं, आता नाही जमणार काका, वेळ गेली. भाऊजी म्हणाले, "बरं. मग तोंडानेच पुसावा लागेल." मी ते ऐकलं, पण मला अर्थ लागला नाही.

त्यांच्या वर्गाला बक्षीस नव्हतंच, सहभागाचं प्रमाणपत्र होतं. ते घ्यायला भाऊजी मंचावर गेले, सचिवांनी हसून माइक पुढे केला, काका, दोन शब्द. मुलं पुढच्याच रांगेत बसलेली. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, आपली गोष्ट कुठे थांबली होती? सगळी एकदम म्हणाली, महागुरूने कबूल केलं तिथे. आमचे हे अर्धे उठले, मी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

"हां," भाऊजी म्हणाले. "तर त्याने कबूल केलं. तसाच गप्प राहिला असता तर कैदेत का होईना, पण जगला असता. त्याला लोकांसमोर उभं केलं, आणि तिथे तो म्हणाला, माझा गुन्हा एकच, मी जीव वाचवायला खोटं कबूल केलं. त्याच दिवशी त्याला नदीतल्या बेटावर नेऊन जाळलं. मुलांनो, इथपर्यंतचं खरं आहे. पुढचं, म्हणजे खजिना, जहाजं, आपला म्युझियममधला दगड, हे सिद्ध झालेलं नाही. पण सिद्ध न झालेलं आणि खोटं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ग्रुपवर ते खोटं म्हणून लिहिलं. ते मी मागे घेतो."

मग त्यांनी माइकचं बटण बंद केलं, बंद झालंय का ते टेस्टरच्या सवयीने एकदा बोटाने ठोकून पाहिलं, आणि सचिवांच्या हातात दिला. सभागृहात कुणी टाळी वाजवेना. मी वाजवली. चांगली उभी राहून, जोरात, हात दुखेपर्यंत वाजवली, आणि माझ्याकडे वळून बघणाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवली. भाऊजी खाली येऊन जाऊबाईंच्या शेजारी बसले. ज्यांनी इतक्या वर्षांत त्या सरदारांना एक चांगला शब्द दिला नव्हता, त्या जाऊबाई पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "घरी गेल्यावर साबुदाणा भिजत घालते."

वर्ग गेला. रीतसर, दोन ओळींचा आभाराचा संदेश पाठवून नेला. आता तो क्लेमेंटीला भरतो, वातानुकूलित खोलीत, पडद्यावर चित्रं दाखवून. शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. मी ग्रुपही सोडलेला नाही. दर शनिवारी संध्याकाळी मी त्यावर लिहिते, 'उद्या सकाळी बेडोकला, नेहमीच्या जागी.' कुणी उत्तर देत नाही. न देईनात. मी लिहिणार. सचिवांनी मला ग्रुपमधून काढून दाखवावंच.

सुरुवातीला बरीच मुलं येत राहिली. आमची लेक तर क्लेमेंटीचं नावही काढू देईना. मग एकाचे वडील बदली होऊन हाँगकाँगला गेले, कुणाचं पोहणं सुरू झालं, कुणाची शिकवणी. ह्या वर्षी लेकीची प्राथमिक शाळा संपवायची मोठी परीक्षा आहे, रविवारी सकाळी तिला गणिताच्या ट्यूशनला सोडावं लागतं. जाताना ती गाडीतून त्या ब्लॉककडे बघते आणि मला काही विचारत नाही. घरात पुन्हा 'लाह' ऐकू यायला लागलंय.

परवाच्या रविवारी तिला सोडून परत येताना मी व्हॉइड डेकपाशी थांबले. भाऊजी दगडी टेबलापाशी बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. भोवतीच्या प्रत्येक स्टुलावर टिश्यूचं एकेक पाकीट नीट मधोमध ठेवलेलं. एक म्हातारे चिनी आजोबा वर्तमानपत्र घेऊन आले, पाकिटं पाहिली आणि मुकाट्याने पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. मी म्हटलं, भाऊजी, आज कोण येणार आहे? ते म्हणाले, "कुणी येणार नाही असं कुणी कळवलेलं नाही."

हा माणूस सुधारायचा नाही. मी एका स्टुलावरचं पाकीट उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि बसले. गाडी चुकीच्या जागी उभी होती, घरी कुकर लावायचा होता. जाऊबाई वरून किटलीतून चहा आणि कपबशी घेऊन आल्या. भाऊजींनी चहा ओतला, बशी माझ्याकडे सरकवली आणि वाट बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की इथे विचारल्याशिवाय काही मिळत नाही.

मी विचारलं, "मग भाऊजी, ती जहाजं गेली कुठे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. एकदा सगळ्या रिकाम्या स्टुलांवरून नजर फिरवली, घसा साफ केला आणि शेवटच्या स्टुलापर्यंत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली.